देव उजव्या हाताला

जो वाटांचा राखणदार आहे, जो चुकलेली गुरे घरी आणतो आणि ज्याच्या रथाला घोड्यांऐवजी बोकड जुंपलेले असतात, त्या पूषादेवास वंदन असो. विघ्नहर्त्या गजाननाचे स्मरण त्यापूर्वीच मनात झाले आहे. परंतु प्रस्तुत प्रवास रस्त्याचा असल्यामुळे संबंधित खात्याच्या देवाकडे अर्ज करणे उचित. या देवाचे दात दक्षाच्या यज्ञात पडले आणि तेव्हापासून तो पिठाच्या पेजेवर राहतो. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी, कारण पुढे एक दंतवैद्य येणार आहे.

निमित्त असे. शके १९२८, व्यय नाम संवत्सर, ज्येष्ठ मास. संवत्सराच्या नावाची यथार्थता विमानाचे तिकीट काढतानाच पटली होती. वाईच्या शाळेत पस्तीस वर्षे संस्कृत शिकवून निवृत्त झालेला मी, लंडनच्या वायव्येस हॅरो नावाच्या उपनगरात चिरंजीवांकडे चार महिने राहून परतलो. परतल्यापासून मंडळी दोनच प्रश्न विचारतात: राणी दिसली का, आणि तिकडचे पाणी बाधले नाही ना. राणी दिसली नाही आणि पाणी बाधले नाही. जे दिसले आणि जवळजवळ बाधले, ते लिहितो.

हॅरो

चिरंजीव श्रीपाद एका बँकेत संगणकाचे काम करतात. सकाळी मेट्रोपॉलिटन लाइनच्या गाडीत उभे राहून जातात, संध्याकाळी उभे राहून येतात, आणि मधल्या वेळेत बसण्याचा पगार घेतात. सूनबाई ईशा हिचा जन्म हॅरोचाच. मराठी तिने आजीआजोबांच्या तोंडून ऐकून उचलली. शब्द सर्व येतात. लिंगे मात्र तिने मुक्त ठेवली आहेत. ज्या देशाने राज्यघटना लिहून काढण्याचे कष्ट घेतले नाहीत, त्या देशात वाढलेल्या मुलीने लिखित व्याकरण तरी का पाळावे, असे म्हणून मी सुरुवातीस स्वतःची समजूत घालीत असे आणि मग तिला दुरुस्त करीत असे.

ही मुलगी बर्मिंगहॅमच्या एका कारखान्यात यंत्रांची दातेरी चक्रे आखणारी अभियंता होती. तीन वर्षांपूर्वी ती सन्मान्य नोकरी सोडून तिने एक व्यवसाय काढला. युरोपातील सुखवस्तू माणसे आपापल्या मोटारसायकली बोटीत घालून इंग्लंडात येतात. ईशा स्वतःच्या मोटारसायकलीवरून त्यांच्या पुढे जाते. आठवडाभर त्यांना डोंगर, दऱ्या आणि पाऊस दाखवते. त्यांचे सामान मागून एका व्हॅनमधून येते. आणि मग त्यांना बोटीत बसवून परत पाठवले जाते. घरी ज्यांना कोणी भिजू देणार नाही, अशी ही साठीची मंडळी. परदेशात रीतसर आरक्षण करून भिजतात.

सारे ठीक चालले होते, पण मागच्या उन्हाळ्यात एक पाहुणे राउंडअबाउटमध्ये उलटे शिरले. राउंडअबाउट म्हणजे चौकाच्या मध्यभागी केलेला गोल ओटा, ज्याला वळसा घालून सर्वांनी जायचे. इंग्लंडात वाहने आपल्यासारखी डावीकडून चालतात, त्यामुळे वळसा घड्याळाच्या काट्याप्रमाणे. समुद्रापलीकडे सारे विरुद्ध. त्या पाहुण्यांनी सवयीने समुद्रापलीकडचा वळसा घेतला आणि समोरून येणाऱ्या मोटारीमुळे गळ्याजवळचे हाड मोडून घेतले. विमा कंपनीने अत्यंत नम्र पत्र लिहिले. त्या देशात नम्रता जितकी अधिक तितकी बातमी वाईट. आणखी एकदा असे घडले तर विमा पुढे चालवता येणार नाही, याचा त्यांना मनापासून खेद होता. आणि विम्यावाचून हा व्यवसाय एक दिवसही करता येत नाही.

एका संध्याकाळी चिरंजीवांनी मला बागेत गाठले.

"बाबा, या वेळी तुम्ही व्हॅनमधून तिच्याबरोबर जा. डोळ्यांनी बघा काय चाललंय ते. आणि आल्यावर तिला समजावा. बर्मिंगहॅमवाले अजून तिला परत घ्यायला तयार आहेत."

"आणि ती मला का नेईल?"

"तिला आवडेल. तिचं मराठी सुधारता ना तुम्ही."

हेरगिरीला राजनीतीच्या ग्रंथांत तपस्व्याचा वेष सांगितला आहे. मला तर वेष पालटण्याचीही आवश्यकता नव्हती. दुसऱ्या दिवशी ईशा स्वतःच म्हणाली, "बाबा, येता का? व्हॅनमध्ये एक जागा रिकामा आहे."

"रिकामी," मी म्हणालो.

"हां, रिकामी. म्हणजे येता!"

हार्विच

व्हॅनचे सारथी रसिकभाई. हॅरोचे गुजराती, तीस वर्षे लंडनची बस चालवून निवृत्त झालेले. माझ्याशी हिंदीत बोलत, रस्त्याशी गुजरातीत. निघताना त्यांनी मला एकच सूचना केली: "पंडितजी, आप बैठो, देखो, बोलो मत." ती मी पाळली असती तर हा लेख लिहावा लागला नसता.

हार्विच हे बंदर. हॉलंडहून रात्रीची बोट सकाळी येथे लागते. बोटीच्या पोटातून पाच डच मोटारसायकली बाहेर आल्या. प्रमुख होते यान, वय चौसष्ट, निवृत्त दंतवैद्य. प्रचंड देह, पांढऱ्या मिशा, आणि चेहऱ्यावर समोरच्याने तोंड उघडावे अशी अपेक्षा. त्यांच्या पत्नी मारिके स्वतःच्या निराळ्या मोटारसायकलीवर. उरलेले तिघे त्यांच्याच मंडळाचे सदस्य. सभ्य, उंच, आणि एकमेकांपासून ओळखता न येणारे.

नवा प्रवास, पाच वाहने आणि समोर समुद्र. हॅरोच्या दुकानातून आणलेला नारळ, पाच लिंबे, हळदकुंकू आणि निरांजन मजजवळ होतेच. ईशाने विरोध केला नाही. उलट पाहुण्यांना सांगितले की हा आपल्या सहलीचा खास भाग आहे. व्यापाराची बुद्धी तिला आहे, हे मी हेर या नात्याने नोंदवले. गाड्या उभ्या करण्याच्या मैदानात मी पाचही मोटारसायकलींना कुंकू लावले, चाकाखाली लिंबे ठेवली आणि निरांजन हातात घेऊन प्रत्येकीला प्रदक्षिणा घातली. नंतर फुटपाथच्या कडेवर नारळ फोडला. पिवळे जाकीट घातलेला एक रखवालदार शांतपणे चालत आला. तुकड्यांकडे पाहिले, माझ्या धोतराकडे पाहिले.

"हे... अन्न आहे का, सर?"

"प्रसाद आहे," मी म्हणालो, आणि एक तुकडा त्याच्या हातावर ठेवला. त्याने तो खिशात घातला, माझे आभार मानले, क्षमाही मागितली आणि निघून गेला. कशाबद्दल क्षमा, ते त्या देशात कोणी विचारत नाही.

यान सारे लक्षपूर्वक पाहत होते. "तुम्ही प्रत्येक गाडीभोवती याच दिशेने का फिरलात?"

प्रश्न उत्तम होता. पस्तीस वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने तो विचारला नव्हता. मला सांगायचे होते की ज्याला आपण पूज्य मानतो त्याला नेहमी आपल्या उजव्या हाताला ठेवून फिरावे. प्रदक्षिणा शब्दातच उजवी बाजू आहे. परंतु माझे इंग्रजी व्याकरणाच्या पुस्तकातून आलेले, आणि समोर सहा फुटी माणूस उत्तराची वाट पाहत उभा. मी म्हणालो, "इन अवर कस्टम, सर, ऑल्वेज कीप राइट."

यान यांनी गंभीरपणे मान हलवली. रसिकभाईंनी व्हॅनमधून खोकून दाखवले. मी समजलो नाही.

केंब्रिज

येथे मुक्काम. विद्येचे नगर. महाविद्यालयांच्या हिरवळीवर "चालू नये" अशी पाटी आहे, आणि ज्यांनी विद्या पूर्ण केली त्यांनाच म्हणे तीवर चालण्याचा अधिकार. आपल्याकडे विद्या पूर्ण झाली की माणूस गवत कापायला मोकळा होतो, पद्धती भिन्न. घरोघरी खिडक्यांतून पांढऱ्या-तांबड्या पताका लटकत होत्या. मला वाटले ग्रामदैवताचा उत्सव असावा. रसिकभाई म्हणाले फुटबॉल. माझे अनुमान फारसे चुकले नव्हते.

खानावळीत मी शाकाहारी असल्याचे सांगितले. वाढणारी मुलगी आनंदाने म्हणाली, "मग मासा चालेल!" शेवटी मला पावाच्या दोन चकत्यांमध्ये काकडी मिळाली. इतक्या पातळ काकडीतून पलीकडची चर्चची खिडकी स्पष्ट दिसत होती.

संध्याकाळी ईशाने पाहुण्यांना नियम समजावले. पुढे ती. प्रत्येक वळणावर तिच्या मागच्या माणसाने थांबायचे आणि इतरांना रस्ता दाखवायचा. सगळे गेले आणि मागची व्हॅन दिसली की त्याने व्हॅनच्या पुढे निघायचे. म्हणजे कोणी चुकत नाही, आणि पाळीपाळीने प्रत्येकाला उभे राहण्याचे पुण्य मिळते. प्रत्येक मोटारसायकलीच्या काचेवर तिने डावीकडे वळलेला पिवळा बाण चिकटवला.

यान यांनी त्या बाणाकडे लहान मुलाच्या चित्राकडे पाहावे तसे पाहिले. "चाळीस वर्षं गाडी चालवतोय," ते म्हणाले.

"मागच्या वर्षीचे पाहुणे पंचेचाळीस वर्षं चालवत होते," ईशा गोड हसून म्हणाली. माझ्याकडे वळून हळूच मराठीत म्हणाली, "बाबा, मला भीती वाटतो."

"वाटते," मी म्हणालो.

मिल्टन कीन्स

केंब्रिजहून पश्चिमेस जाताना हे नगर लागते. येथे चौक नाहीत. ज्या शिल्पकाराने हे नगर आखले त्याच्या हाती बहुधा फक्त कंपास होता. एक राउंडअबाउट संपले की दुसरे दिसते, दुसरे संपण्यापूर्वी तिसरे. मी भारावलो. संपूर्ण नगर, कसलीही श्रद्धा नसताना, पहाटेपासून रात्रीपर्यंत गवताच्या उंचवट्यांना यथाशास्त्र प्रदक्षिणा घालीत आहे! आणि समुद्रापलीकडचे लोक तेच उलटे फिरतात, जसे आपण केवळ अंत्यविधीत फिरतो. हे मी रसिकभाईंना सांगत असतानाच ती गोष्ट घडली.

सातव्या की आठव्या राउंडअबाउटपाशी थांबण्याची पाळी यान यांची होती. सगळे पुढे गेले. आमची व्हॅन दिसताच ते आमच्यापुढे निघाले. पुढचे राउंडअबाउट सरळ ओलांडायचे, म्हणून तेथे कोणी उभे नव्हते, आणि त्यांच्यासमोर अनुकरण करायलाही कोणीच नव्हते. क्षणभर थबकले, आणि मग शांतपणे, आत्मविश्वासाने, उजवीकडे वळले.

रसिकभाईंच्या तोंडून गुजराती देवांची संपूर्ण नामावली बाहेर पडली. रविवारची सकाळ होती. समोरून एकच मोटार आली, तीही वृद्ध बाईंची आणि सावकाश. बाईंनी ब्रेक लावला. यान यांनीही लावला. दोघे वीतभर अंतरावर समोरासमोर उभे राहिले. बाईंनी काच खाली करून म्हटले, "सॉरी, डियर." चूक कोणाची हे ठरवण्याची ही पद्धत मी अन्यत्र पाहिलेली नाही.

पुढे ईशा थांबली होती. मागे वळून तिने सारे पाहिले होते. शिरस्त्राण काढले तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. ती रागावली नाही. फक्त यान यांना विचारले, "लागलं नाही ना?" आणि दिवसभर काही खाल्ले नाही.

तो दिवस ज्येष्ठ पौर्णिमेचा, वटसावित्रीचा. आमच्या घराण्यातील सुनेला त्या दिवशी असा कडकडीत उपास घडला. फक्त तो नवऱ्यासाठी नव्हता, एका डच दंतवैद्यासाठी होता.

बर्मिंगहॅमच्या अलीकडे

मुक्काम एका खेड्यातील खानावळीत. मागे फरसबंद अंगण. जूनमध्ये तेथे सूर्य साडेनऊला मावळतो, त्यामुळे जेवण आधी आणि सायंसंध्या नंतर. सूर्यनारायणाला घाई नसेल तर मला असण्याचे कारण नव्हते.

जेवताना यान खुशीत होते. सकाळचा प्रसंग त्यांच्यालेखी गंमत झाला होता. "खरं सांगू? गोलापाशी आलो आणि क्षणभर काहीच सुचेना. बाण दिसला, पण डोकं रिकामं. आणि तेवढ्यात कानात आवाज आला, या आजोबांचा." त्यांनी काट्याने माझ्याकडे निर्देश केला. "ऑल्वेज कीप राइट! म्हटलं, बरोबर, गोलात यांच्याकडे वेगळा नियम असणार. धार्मिक."

तिघे एकसारखे डच एकसारखे हसले. मारिके हसल्या नाहीत. ईशाने सावकाश माझ्याकडे पाहिले.

"बाबा. तुम्ही असं म्हणालात?"

"म्हणालो," मी म्हणालो. "अर्धेच म्हणालो. 'देवाला' आणि 'हाताला' हे दोन शब्द राहून गेले."

"मी सगळं केलं, बाबा. बाण लावले, ब्रीफिंग दिलं, दर टर्नला माणूस उभा केला. दिवसभर विचार करत होते, कुठे माझा चूक झाला."

चूक हा शब्द स्त्रीलिंगी आहे. त्या संध्याकाळी तो मी दुरुस्त केला नाही, कारण ती चूक पुल्लिंगीच होती. ती माझी होती. पस्तीस वर्षे मुलांच्या विभक्त्या तपासणाऱ्या माणसाने एका वाक्यातून कर्म आणि अधिकरण गाळले होते, आणि त्या गाळलेल्या जागेतून एक मोटार वीतभर अंतरावर येऊन थांबली होती.

"मला माहीत आहे श्रीने तुम्हाला कशाला पाठवलंय," ईशा पुढे म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मला थांबवायला. तुम्ही तर एका वाक्यात थांबवलंच होतं."

मी पानावरचे बटाटे संपवले, आचमन केले आणि म्हणालो, "सूनबाई, या पाचांना अंगणात बोलाव. राहिलेले शब्द सांगायचे आहेत."

अंगणात मी या वेळी वाक्य आधी मनात पूर्ण जुळवले, दोनदा तपासले, ईशाला ऐकवले, आणि मगच बोललो: ज्याला तुम्ही पूज्य मानता त्याला मध्यभागी ठेवा, आणि त्याच्याभोवती असे फिरा की तो सतत तुमच्या उजव्या हाताला राहील. इंग्लंडातील प्रत्येक राउंडअबाउटमध्ये एक देव बसलेला आहे असे समजा. देव उजव्या हाताला. आणखी काही लक्षात ठेवू नका.

"मी देव मानत नाही," यान म्हणाले. "चाळीस वर्षांत चर्चची पायरी चढलो नाही."

"मग कोणाला मान देता?"

यान विचारात पडले. मारिके म्हणाल्या, "थांबा, शोधू द्या त्याला. पस्तीस वर्षं शोधतोय."

आणि त्या स्वतःच एक बिअरचा रिकामा खोका उलटा करून अंगणाच्या मध्यभागी त्यावर उभ्या राहिल्या.

यान यांनी पत्नीभोवती प्रदक्षिणा घालण्यास आरंभ केला. रसिकभाई संत्र्याच्या सरबताचा पेला घेऊन मोजत होते: "एक... दो... दाहिना कंधा अंदर, डॉक्टरसाब!" यान थकले की परीक्षा पाहण्यासाठी मी मध्येच म्हणे, "उलट!" त्यांनी दिशा बदलली रे बदलली की खोक्यावरून मारिके गरजत, "मी कुठे आहे?" अकराव्या फेरीला त्यांनी माझे "उलट" ऐकूनही पाय वळवला नाही; उजवा हात आपोआप पत्नीच्या दिशेने उचलला गेला. ज्ञान डोक्यातून खांद्यात उतरायला तेवढ्या फेऱ्या लागतात.

मग इतर तिघे. मग मध्यभागी यान आणि भोवती मारिके. हे त्यांनी तीन फेऱ्यांत आटोपले. खानावळीचा कुत्रा शेवटपर्यंत सर्वांबरोबर फिरला आणि त्याची दिशा एकदाही चुकली नाही.

पूर्वेला पौर्णिमेचा चंद्र येत होता. वाईला या दिवशी बायका वडाभोवती सूत गुंडाळतात आणि नवरे ओसरीवर बसून फराळाची वाट पाहतात. येथे एक नवरा बायकोभोवती अकरा फेऱ्या घालून धापा टाकत बसला होता. शास्त्राला हे मंजूर आहे का, असे कोणी विचारील. मी शोधले नाही. सापडेल अशी भीती होती.

ईशाने तेव्हा दोन चकत्या पाव खाल्ला.

वेल्स

पुढचे तीन दिवस डोंगरांत. वेल्सचे डोंगर सुंदर आहेत असे म्हणतात. मला त्यांची खालची बाजू दिसली. वरची ढगांनी राखून ठेवली होती. तेथील पाऊस पडत नाही, उभा असतो. आपण त्यात शिरायचे. मेंढ्या मात्र सर्वत्र, आणि त्यांच्या चेहऱ्यावर त्या पावसाबद्दल कोणतीही तक्रार नाही. गावांची नावे अशी की त्यांतील स्वर कोणीतरी काढून नेले असावेत. संधिनियमांवर आयुष्य घालवलेला मी, पण तेथे हात टेकले.

मिसेस पॅरी नावाच्या विधवा बाईंच्या घरी दोन रात्री राहिलो. त्या सकाळी ओटची पेज देत, दुधात शिजवलेली, वर मध. मी पूषादेवाची गोष्ट सांगितली: याच्या दातांचे असे झाले, म्हणून तो अशीच पेज खातो. यान यांनी चमचा खाली ठेवला.

"एवढा मोठा देव, आणि कोणी कवळी बसवली नाही?"

"त्या काळी तुम्ही दवाखाना उघडला नव्हता," मी म्हणालो.

निघायच्या दिवशी सकाळी यान यांनी पेजेचे पहिले वाडगे माझ्यापुढे सरकवले. "तुमच्या देवाचं. आज त्याची गरज लागेल असं दिसतंय." खिडकीबाहेर काहीच दिसत नव्हते.

ते खरे ठरले. डोंगर उतरून एका छोट्या गावात शिरताना वळणावर थांबण्याची पाळी पुन्हा यान यांची आली. पुन्हा सर्व पुढे गेले, पुन्हा ते आमच्यापुढे निघाले, आणि उताराच्या पायथ्याशी राउंडअबाउट, ज्यात त्यांच्यापुढे कोणीही नाही. पाऊस आडवा. डाव्या हाताच्या रस्त्यावरून मेंढ्यांनी भरलेला दुमजली ट्रक येत होता आणि त्याला वेग होता. यान उजवीकडे वळते तर गोलाच्या पलीकडच्या अंगाला थेट त्या ट्रकच्या तोंडी जाते.

ते पांढऱ्या रेघेशी आले. थांबले. मला त्यांची पाठ दिसत होती. उजवा खांदा किंचित झुकला, जसा मिल्टन कीन्सला झुकला होता. रसिकभाईंचा हात हॉर्नवर गेला आणि तेथेच राहिला. या घडीला आवाज करणेही धोक्याचे. विमा कंपनी, बर्मिंगहॅमचा कारखाना, चिरंजीव, सगळे त्या खांद्यावर बसले होते. मी कोणते स्तोत्र म्हणत होतो ते आता आठवत नाही. म्हणत होतो एवढे खरे.

मग यान यांनी उजवा हात मुठीवरून काढला, मध्यभागाच्या दिशेने तळवा करून क्षणभर धरला, जसा अंगणात मारिकेंच्या दिशेने धरला होता, आणि डावीकडे वळून सावकाश, राजासारखे, तो गोल फिरून गेले. ट्रक थांबला होता. त्यांना जाऊ देऊन मग मागून निघाला, मेंढ्यांसह, यथाशास्त्र.

गोलाच्या मध्यभागी नगरपालिकेने एका टायरच्या दुकानाला पाटी लावू दिली होती. त्या दिवशी देवत्व त्या पाटीला लाभले. मी व्हॅनमधून तिलाही नमस्कार केला.

पुढे ईशा थांबली होती. यान तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. आम्ही पोहोचलो तेव्हा त्यांचे एवढेच कानी आले: "उजव्या हाताला. पाहिलंत? उजव्या हाताला." ईशाने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. मग माझ्याकडे पाहून, पावसातून ओरडून म्हणाली, "बाबा, चहा पाहिजे!"

पुन्हा हार्विच, पुन्हा हॅरो

सहाव्या दिवशी बंदराशी परतलो. बंदराच्या तोंडाशी एक राउंडअबाउट आहे. निरोप घेऊन पाचही जण त्याकडे निघाले. एकदा वळसा घालून आत जायचे होते. त्यांनी तीनदा घातला, एकामागे एक, दिवे लावून, प्रत्येकाचा उजवा खांदा गवताच्या उंचवट्याकडे. मागच्या मोटारी रांगेत थांबल्या. कोणी हॉर्न वाजवला नाही, त्या देशात रांग म्हटली की प्रश्न विचारत नाहीत.

पिवळ्या जाकिटाचा तोच रखवालदार माझ्या शेजारी येऊन उभा राहिला.

"हे पुन्हा नारळाचंच आहे का, सर?"

"त्याचाच पुढचा भाग," मी म्हणालो. त्याने समजल्यासारखी मान हलवली.

हॅरोला पोहोचलो तेव्हा चिरंजीव नुकतेच उभे राहून आले होते. ईशा वर कपडे बदलायला गेली. त्यांनी मला बागेत नेले.

"मग, बाबा? बोललात तिच्याशी?"

"बोललो. आधी तिच्या पाहुण्यांशी अर्धे बोललो, त्यामुळे धंदा बुडत होता. मग पूर्ण बोललो."

"म्हणजे?"

मी सर्व सांगितले, माझ्या दोन गाळलेल्या शब्दांसह.

"मग आता ती काय म्हणते?"

"पुढच्या महिन्यात आठ जण येणार म्हणते. स्कॉटलंडला. व्हॅनमध्ये एक जागा रिकामा आहे."

"रिकामी, बाबा," चिरंजीवांनी दुरुस्त केले.

"आता नाही," मी म्हणालो, आणि नारळ किती लागतील त्याचा हिशेब मनात करीत आत गेलो.

वाचकहो, आपल्या घरातून जो कोणी वाहन घेऊन निघेल, त्याच्यापुढे पूषादेवाचे बोकड चालोत. आपल्या सुना जे मार्ग काढतील त्यांवर आपल्या घरच्या वडीलधाऱ्यांनी मागच्या व्हॅनमध्ये स्वस्थ बसावे आणि बोलायचेच झाले तर वाक्य पूर्ण करावे. घरातील सर्वांचे दात शेवटपर्यंत शाबूत राहोत. आणि संभ्रमाच्या प्रत्येक वळणावर, जे आपण पूज्य मानता ते आपल्या उजव्या हाताला असो.